व्हिडिओतला हात

१९९४च्या श्रावणात मी कॉलेजच्या प्रबंधासाठी पोलिसांचं व्हिडिओ चित्रण आणि पेपरातले फोटो यांवर लिहीत होते. कोपरला खाडीतल्या भरावाविरुद्ध मोर्चा निघाला, तेव्हा पोलिसांनी लग्नाचं शूटिंग करणारा बोलावलेला. त्याच्याच कॅसेटमधलं एक चित्र पेपरात आलं. हात उगारलेला कोपरचा नाथा, खाली ‘दगडफेक्या’. मी पूर्ण कॅसेट पाहिली होती. हात रिकामा होता. डोक्यावर येणारी लाठी तो अडवत होता.

हे सांगायला मी बाळकुमला त्याच्या बहिणीकडे, मनुबाईंकडे गेले. नाथा तिथेच लपलेला.

“आधी जेव गो पोरी, मग बोल,” मनुबाई म्हणाल्या.

सोमवार दिवेलागणीआधी सोडायचा. तिघं केळीच्या पानांवर बसलो. त्यांच्याकडे आणि आमच्याकडे एकच रीत: श्रावणी सोमवारी पहिल्या घासापासून पानावरून उठेपर्यंत मौन.

दुसऱ्या घासाला दारात हवालदार, मागे दोन शिपाई.

“बाईंच्या मागोमाग आलो ते बरं झालं.” त्याने कात्रण पुढे केलं. “काय रे नाथा, दगड मारणारा हा तूच ना?”

नाथाने नकारार्थी मान हलवली.

“तोंडाने बोल!”

नाथाने पानाकडे बोट दाखवलं.

“मौन होय? आमची बायकोपण धरते. बघू किती टिकतं.”

पहिली लाठी खांद्यावर बसली, दुसरी कानावर. नाथा पानावर आडवा झाला, तरी गप्प. शिपायाने केस धरून त्याला उठवलं, हवालदाराने तोंडावर बूट मारला. माझ्या तोंडात घास होता. महादेवा, पानावरून उठू दे, मग सगळं सांगते, असं मी मनात म्हणत राहिले. मग काहीतरी कटकन मोडलं आणि दोन दात भातात पडले.

“हात रिकामा होता!” मी ओरडले. “मी कॅसेट बघितलीय!”

“मग मघाशी काय तोंड शिवलं होतं?” हवालदार म्हणाला. नाथाला फरफटत नेलं.

रक्ताने माखलेलं पान उचलत मनुबाई म्हणाल्या, “त्याचं कुणी ऐकलं नसतं गो. तुझं ऐकलं असतं.”

सकाळी मी शूटिंगवाल्याकडे धावले. त्याने मोर्चा पुसून त्याच कॅसेटवर शहाडचं एक बारसं घेतलं होतं.

आता तो रिकामा हात पाहिलेली मीच उरले. वकील म्हणाले, साक्ष द्या. पण पहिल्यांदा विचारतील, त्याला मारत होते तेव्हा तुम्ही काय करत होतात?

सांगेन, जेवत होते.