मुखपृष्ठावरची श्रीमती

बुधवारी सकाळी अहमदपुरातल्या बिराजदारांच्या स्वयंपाकघरात भाकरीच्या परातीशेजारी पुस्तकांची चळत लागली होती. उज्वला तव्यावरची भाकरी उलथायची, पदराला हात पुसायची आणि एखाद्या पाकिटावर पत्ता लिहायची. उदगीर, देगलूर, मुदखेड. तिची थोरली जाऊ प्रेमला चिकटपट्टी दातांनी तोडून देत होती. घरात कात्र्या तीन, पण वेळेला एक सापडेल तर ते बिराजदारांचं घर कसलं! दुपारच्या आत पार्सलं पोस्टात पडायला हवी होती, कारण लग्नसराई होती आणि पुस्तक लग्नाचंच होतं.

‘जात्यावरची हळद’ हे त्याचं नाव. हळदीची, घाण्याची, तेलवणाची गाणी त्यात होती. गाणी उज्वलाच्या आईची, गुणाबाईची. लिहून काढणं, अर्थ लावणं, त्यामागच्या हकिकती सांगणं उज्वलाचं. मुखपृष्ठावर दोघींची नावं होती, दोन्हींच्या आधी ‘श्रीमती’. आतल्या पहिल्या पानावर दोघी जात्याला बसलेल्या, दोघींची कपाळं मोकळी, असा फोटो होता.

चार वर्षांपूर्वी तिचा नवरा सर्वेश अपघातात गेला, तेव्हापासून उज्वला एका खाजगी शाळेत तासिकेवर शिकवत होती. तिथला पगार म्हणजे आला तर आला. मुलगी वैष्णवी नांदेडला नर्सिंगला होती. पुस्तक घेऊन उज्वला आधी लातूरच्या एका प्रकाशकाकडे गेली, तर त्याने उलट तिच्याकडेच चाळीस हजार मागितले आणि बदल्यात शंभर प्रती देऊ केल्या. त्या विकायच्याही तिनेच. मग तिने आपल्या पाटल्या मोडल्या. त्या आता कुठल्या हातात घालणार, असं लोक म्हणतच होते; तिने त्या छापखान्यात घातल्या.

छापणं सोपं असतं, विकणं अवघड, हे तिला महिन्याभरात कळलं. रोज एका गाण्याच्या दोन ओळी ती मोबाईलवर स्टेटसला ठेवू लागली. पत्रिकेची दुकानं, ब्यूटी पार्लरं, साड्यांची दुकानं, जिथे म्हणून लग्नघरच्या बायका येतात तिथे तिने प्रती नेऊन ठेवल्या. नातेवाईक म्हणत, एक प्रत भेट दे की. ती हसून म्हणे, भेटायला मीच येते, पुस्तक विकत घ्या. पहिली आवृत्ती संपत आली होती. नवऱ्यामागे पहिल्यांदाच तिने सासऱ्यांपुढे हात न पसरता लेकीची फी भरली होती, आणि त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं होतं.

तेवढ्यात नांदेडच्या शिवप्पाचा फोन आला. त्याचं पत्रिकेचं दुकान होतं. त्याच्या एकट्याच्या गल्ल्यावरून उज्वलाच्या पुस्तकाची सर्वात जास्त विक्री होई.

“ताई, लई मोठी ऑर्डर हाय,” तो म्हणाला. “अण्णाराव कंत्राटदाराच्या पोरीचं लग्न. आठशे प्रती, पाहुण्यांना द्यायला. पैसे आधी. फक्त ते नावाचं तेवढं बघा.”

नावाचं म्हणजे काय, ते त्याने चाचरत सांगितलं. लग्नाच्या मांडवात वाटायचं पुस्तक आणि वर दोन ‘श्रीमती’, हे अण्णारावांच्या घरच्यांना खटकत होतं. फोटो काढायचा आणि नावाच्या जागी एखादी सवाष्ण घालायची. “तुमच्या जाऊबाई हायतच की. सौ. प्रेमला बिराजदार. घरातल्या घरात!”

घरातल्या घरात ही गोष्ट सासऱ्यांना, अनंतरावांना, लगेच पटली. ते निवृत्त मुख्याध्यापक. महिला दिनाला त्यांचं भाषण ठरलेलं, आणि ते चांगलंही होई. पण व्यासपीठावरचा सुधारक चप्पल काढून घरात आला की नुसता सासरा उरतो. नावात काय ठेवलंय, पुस्तक तर तुझंच राहणार, आल्या लक्ष्मीला पाठ दाखवू नये, असं ते बराच वेळ समजावत राहिले. प्रेमला पाकिटं चिकटवत राहिली. उज्वलाच्या डोळ्यांपुढे वैष्णवीच्या शिक्षणाची उरलेली दोन वर्षं होती. तिने शिवप्पाला कळवलं, चालेल.

चालेल म्हणाली खरी, पण मन मानेना. आईला विचारल्याशिवाय हे करायचं नाही, म्हणून ती रविवारी बिलोलीची एसटी धरून माहेरी गेली.

बिलोलीजवळच्या त्या गावात गुणाबाईशिवाय कोणाची हळद लागत नसे. ती पस्तिशीची असताना तिचे यजमान दगडोबा गेले. त्यानंतरही तिच्याशिवाय हळद लागत नाही. फरक एवढाच, की ती आता मांडवात नसते. तिला आतल्या खोलीत बसवतात. बाहेर सुवासिनी गाता गाता अडल्या की एखादी पोरगी आत पळत येते आणि विचारते, मावशी, पुढं काय? गुणाबाई ओळ सांगते, पोरगी ती बाहेर घेऊन जाते. सत्तावीस वर्षं हा रिवाज चालू आहे. गुणाबाईची ओळ शुभ असते, गुणाबाई अशुभ असते, आणि यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

उज्वलाने सगळं सांगितलं. गुणाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

“दे की,” ती म्हणाली. “मला काय सवय न्हाई व्हय? आजवर फुकट बसले आतल्या खोलीत. आता पैसं घेऊन बसायचं, यवढंच नवं हाय.”

ती रागाने बोलली असती तर उज्वलाने समजूत घातली असती. पण ती रोजचं बोलावं तशी बोलली, आणि लेकीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पुस्तक काढलं कशासाठी? आईला त्या खोलीतून बाहेर काढण्यासाठी. आणि आता ती स्वतःच त्या खोलीचं दार लोटून घेत होती, बाहेरून कडी घालायला जाऊबाईला उभं करत होती.

मंगळवारी ती नांदेडला शिवप्पाच्या दुकानात गेली. प्रेमला कोणी न बोलावता बरोबर आली. अण्णाराव आधीच येऊन बसले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी दोघींना चहा सांगितला, पुस्तकाची मनापासून तारीफ केली आणि बयाण्याचं पाकीट काढून ठेवलं.

“दादा, नाव बदलणार न्हाई,” उज्वला म्हणाली.

अण्णारावांना वाटलं, भाव वाढवायचा आहे. ते प्रतीमागे दहा रुपये जास्त द्यायला तयार झाले. तिने मान हलवली.

“माझं स्वतःचं काई न्हाई, म्याडम,” ते म्हणाले. “पण लेकीचं लग्न हाय. पाहुणे बोलतात. रीत हाय.”

“गाणी चालतात तुम्हाला?”

“गाणी तर लई गोड हायत.”

“मग रीत पाळायची तर सगळी पाळा. माझी आई चालत न्हाई तर तिची गाणीबी घेऊ नका. हळदीला दुसरं काहीतरी लावा मोबाईलवर. तिच्या तोंडचं घ्यायचं आणि तिचं तोंड बघायचं न्हाई, असा सौदा मी करत न्हाई.”

अण्णाराव प्रेमलाकडे वळले. तुम्ही मोठ्या, तुम्ही समजवा, असं त्यांनी विनवलं. प्रेमला आयुष्यात परक्या पुरुषापुढे चार वाक्यं बोलली नव्हती.

“माझा नवरा जिता हाय, यात माझी काय हुशारी?” ती म्हणाली. “तेवढ्यावर मी लेखिका होत असेन, तर मला न्हाई व्हायचं.”

दोघी तशाच बसस्टँडवर आल्या. वाटेत उज्वलाला रडू आलं आणि प्रेमलाने रसवंतीवर तिला बळेच रस पाजला.

त्याची किंमत पडलीच. शिवप्पाने धंद्याची अडचण सांगून उरलेल्या प्रती परत पाठवल्या. दोन पार्लरवाल्यांनीही पाठवल्या. तोपर्यंत कोणाच्या लक्षात न आलेली ‘श्रीमती’ आता सगळ्यांना दिसू लागली होती. अनंतरावांनी सुनांशी बोलणं टाकलं, म्हणजे चहा मागण्यापुरतंच ठेवलं. तेव्हा उज्वलाने उरलेल्या पैशांतून एक फ्लेक्स करून घेतला. त्यावर लिहिलं होतं: ‘हे पुस्तक दोन विधवांनी केले आहे. ज्यांना चालत नसेल त्यांनी घेऊ नये.’

आपल्याच मालाची अशी जाहिरात करणारी बाई अहमदपूरने पाहिली नव्हती. फ्लेक्सचा फोटो स्टेटसला जाताच पुस्तकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून पुष्कळ जणी बाहेर पडल्या. काहींनी मात्र फोन करून चार-चार प्रती मागवल्या, आणि मागवताना त्या आपल्या आईबद्दल, मावशीबद्दल, बहिणीबद्दल बोलत राहिल्या. उज्वला पत्ता लिहून घेण्यासाठी पेन धरून ऐकत राही.

मे महिन्यात तिने गावातल्या एका मंगल कार्यालयासमोर रस्त्याच्या कडेला टेबल टाकलं, वर फ्लेक्स बांधला. गुणाबाई त्या आठवड्यात लेकीकडे आली होती. तीही खुर्चीवर येऊन बसली. कार्यालयाचा व्यवस्थापक हे अपशकुनी बोर्ड काढा म्हणून सांगायला आला. रस्ता नगरपरिषदेचा आहे, असं प्रेमलाने त्याला ऐकवलं. आत हळद चालू होती.

बाजूच्या दाराने एक बाई बाहेर आली. साडी नवी होती, कपाळ मोकळं, हात नारळाच्या पोत्याने मळलेले. ती फ्लेक्सपुढे उभी राहिली आणि पुन्हा पुन्हा वाचत राहिली. उज्वलाने विचारलं तेव्हा कळलं, की ती नवरीची आई. तिला कोठीत नारळ मोजायला बसवलं होतं. पोरीला हळद चुलती लावत होती.

त्या बाईने गुणाबाईकडे पाहिलं. “मावशी, तुमच्या लेकीला तुम्ही लावली व्हती का हळद?”

“न्हाई,” गुणाबाई म्हणाली. “आतल्या खोलीतून गायले. हिच्या अंगाला हळद लागून राहिली आणि मी भिताडाकडं तोंड करून गायले. लई चांगलं गायले त्या दिवशी.”

उज्वलाला ती हळद आठवली. ओला पिवळा अंगठा, बायकांचं हसणं, आतून येणारा आईचा आवाज. तिने एकदाही विचारलं नव्हतं की आई कुठे आहे. एकवीस वर्षांत एकदाही नाही. अण्णारावांना तिने चार शब्द सुनावले होते खरे, पण त्या मांडवात पाटावर बसलेली मुलगीही गप्पच होती, आणि ती मुलगी म्हणजे ती स्वतःच होती.

“माय,” ती म्हणाली, आणि आईच्या खुर्चीशी खाली बसली. गुणाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

नवरीच्या आईने पदराच्या गाठीतून नोटा काढून पुस्तकाची किंमत दिली. ती बाजूच्या दाराने गेली नाही. फुलांच्या कमानीखालून, पुस्तक हातात धरून, सरळ मांडवात गेली. गाणं मध्येच थांबलं. कोणीतरी दटावलं, कोणीतरी नको नको म्हणालं. मग सगळ्यांवर एक कोवळा, चिडलेला आवाज चढला, “काकू, वाटी आईला द्या.”

वाटी दिली गेली. थोड्या वेळाने आतल्या बायका पुन्हा गाऊ लागल्या, आधी अडखळत, मग नीट.

आषाढात दुसरी आवृत्ती निघाली. ‘श्रीमती’ जिथे होत्या तिथेच आहेत, अक्षर थोडं मोठं केलं आहे. शेवटच्या पानावर किमतीच्या खाली उज्वलाने एक ओळ नव्याने छापली आहे: ‘तुमच्या घरच्या पुढच्या हळदीला आतल्या खोलीत कोण बसलं आहे, ते गाणं सुरू करण्याआधी उठून बघा.’