बुडीत मैल

विमानप्रवासावर बक्षीस म्हणून मिळणारे मैल माणसं साठवतात आणि विसरतात. त्यांच्या या विसरण्यावर माझा पगार होतो. हिंजवडीच्या ऑफिसात बसून मी एका विमान कंपनीसाठी अंदाज काढते, की वाटलेल्या मैलांपैकी किती कुणी कधीच मागणार नाही. त्यांना आम्ही बुडीत म्हणतो. कंपनी हे मैल बँकांना, त्यांच्या कार्डवाल्यांना वाटायला, विकून आधीच पैसे घेऊन बसलेली असते. उद्या सगळेच फुकटचं तिकीट मागायला आले, तर विमानं पुरायची नाहीत. म्हणून बुडीत जितकं जास्त, तितकी मैलांची योजना ठणठणीत. मार्चअखेर न वापरलेले मैल रद्द, हा यंदाचा नियम मीच सुचवला.

दुपारी डोळा लागला की मला ते मैल पाण्याखाली दिसतात. हिरवट उजेडातल्या वाटा, वाटांवर बॅगा घेऊन उभी असलेली माणसं. कुणालाच घाई नसते.

कोथरूडला घरी सासऱ्यांना, अण्णांना, हे सांगितलं तर ते हसले. ते लहान असतानाच त्यांचं गाव धरणात गेलं, खडकवासल्याच्याही वर.

"बुडीत म्हंजी गेलं न्हाय, सूनबाई. मे महिन्यात पाणी हटलं की देवळाचा कळस वर येतो. जागच्या जागी हाय समदं."

ते गाव एकदा वरून बघायचं, एवढीच त्यांची हौस. माझा नवरा सूरज ऑफिसच्या कामाने सारखा उडतो, अण्णांसाठी मैल साठवतो आणि दर वर्षी म्हणतो, पुढच्या वर्षी नक्की. इकडे काचबिंदूने अण्णांची नजर कडेकडेने मिटत चाललेली.

फेब्रुवारीत माझं अंदाजाचं सूत्र नीट चालतं का बघायला मी त्यात आमच्याच घरचं खातं घातलं. उत्तर आलं, बुडीत. सूत्राने सूरजला बरोबर ओळखलं होतं. मला आधी हसू आलं, मग भीती वाटली. त्याच संध्याकाळी सूरजचा फोन हातातून काढून घेतला आणि त्या धरणावरून जाणाऱ्या गोव्याच्या विमानाची मे महिन्यातली दोन तिकिटं काढली, अण्णांचं आणि माझं.

"अगं, विचारायचं तरी!"

"विचारलं असतं, तर तू पुढच्या वर्षी उत्तर दिलं असतंस."

मेमधल्या त्या सकाळी विमान वळलं आणि खाली धरण आलं. आटलेलं, काठाला तांबूस चिखल. अण्णांनी खिडकीला कपाळ टेकवलं. मला नुसतं चकाकणारं पाणी दिसत होतं. क्षणभर वाटलं, त्या पाण्यातून बॅगा घेतलेली माणसं चालू लागलीत. इतक्या उशिरा आणलं, आणि अण्णांना दिसलंच नाही तर?

"हाय," अण्णा म्हणाले. "कळस हाय. उजव्या अंगाला आमचं दार."

एवढ्या उंचीवरून दार कसं दिसतं, ते मी विचारलं नाही. ढग येईपर्यंत ते बघत राहिले. मग निजलेल्या पोरावर पांघरूण ओढावं तसं त्यांनी खिडकीचं झाकण हलकेच खाली ओढलं.

"आता बुडालं तरी चालंल," ते म्हणाले.