धोंडिरामची एन्ट्री

माझ्या नाटकाला लेखनाचा पुरस्कार मिळाला आणि गोरेगावच्या एका निर्मात्याला, चंद्रप्रकाशला, माझ्यात अचानक प्रतिभा दिसायला लागली. त्याला नाटकावर सिनेमा करायचा होता आणि पटकथा मीच लिहावी, असा आग्रह. घाटकोपरला आईने शेजारपाजारी सांगूनही टाकलं, आमची सपना आता सिनेमावाली झाली.

मग चंद्रप्रकाशच्या मंडळींनी पटकथेत हात घातला. मुलुंडच्या चाळीचा टॉवर झाला. नायिकेची बहीण उडाली. मी ऐकून घेतलं. सिनेमा मला हवा होता, खोटं कशाला बोलू?

शेवटी धोंडिरामची पाळी आली. धोंडिराम म्हणजे नायिकेचा बाप, खरं तर माझाच. कामावरून येतो, दारात थांबतो आणि ‘जय भीम’ म्हणतो. जय भीमला जय भीमनेच उत्तर द्यायचं, ही आमच्याकडची रीत. गावी बाबांनी जय भीम घातल्यावर तोंड फिरवणारे लोक मी पाहिलेत. म्हणून प्रयोगात नटाला बजावलेलं, प्रेक्षकांतून उत्तर आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. कधी लगेच येतं. कधी सगळं नाट्यगृह अवघडून बसतं आणि नट आपला उभाच.

चंद्रप्रकाशचं म्हणणं, उगाच वाद नको, तिथे ‘नमस्कार’ टाकू.

ऑफिसात शेवटचं वाचन होतं. चंद्रप्रकाश, दिग्दर्शक नितेश आणि नायिका करणारी रुचिरा समोर बसलेले. धोंडिरामची एन्ट्री आली तशी मी उठून उभी राहिले आणि खणखणीत म्हटलं, "जय भीम."

मी पुढे वाचेना. रुचिराने नितेशकडे पाहिलं, नितेशने टेबलाकडे.

"पुढे वाच ना," चंद्रप्रकाश म्हणाला.

"उत्तर आलं की वाचते."

"सपना, फिल्म सगळ्यांसाठी आहे यार."

"मग सगळ्यांनी उत्तर द्या."

तो भडकला. करारावर अजून सही झालेली नाही, बापांच्या गोष्टी लिहिणारे पैशाला पासरी मिळतात, असं बरंच काही बोलला. मी पटकथा पिशवीत टाकली. त्यातलाच एखादा घ्या म्हटलं, माझा बाप मी घेऊन चालले.

दारापर्यंत पोचले तोच मागून रुचिराचा आवाज आला, अगदी दबका. "जय भीम."

मी वळले.

"मोठ्याने म्हण," मी म्हटलं. "तो दारात उभा आहे."