मोळीच्या मागे

देवचंद गुरुजींच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. विसरलो असं म्हणायची सोय नव्हती, कारण पत्र रोज डोळ्यांसमोर होतं. जे पुस्तक वाचायला घेई त्यात मी ते खूण म्हणून घालत असे, आणि पुस्तक संपलं की पुढच्यात.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास आलेलं ते निळं अंतर्देशीय होतं. अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं ठसठशीत. गुरुजी धुळ्याला शाळेत मराठी शिकवत. निवृत्त झाल्यापासून ते दरवर्षी एक लहानसा दिवाळी अंक काढतात. यंदा त्यांनी ठरवलं होतं की कथा नको, कविता नको, घडलेलं तेच छापायचं. पुस्तकांच्या निमित्तानं आमची जुनी ओळख होती, म्हणून मीही धीर करून एक लेख पाठवला. त्यावर त्यांनी लिहिलं होतं :

‘लेख आवडला. दोन गोष्टी कळवा. अंकात व्यक्तिचित्र, प्रवासवर्णन, आठवणी, आत्मकथन आणि ललित निबंध असे विभाग केले आहेत. तुमचा लेख कुठे घालू? दुसरं असं की, नुकतंच लग्न झालेली एक बाई वांग्यांची टोपली आणि पऱ्हाट्यांची मोळी घेऊन जळगावहून एकटी बसनं धुळ्याला येते. कंडक्टरशी तिचं भांडण होतं, ते तुम्ही शब्दन् शब्द दिलं आहे. हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तिथं होतात का? नसाल, तर ही कथा झाली आणि मला ती परत करावी लागेल. अनंत चतुर्दशीपर्यंत कळवा.’

मी तिथं होतो. ती बाई म्हणजे आमच्या घरच्या यशोदाबाई, आणि त्यांच्याबरोबर धुळ्याला निघालेला नवरा म्हणजे मी. पण लेख लिहिताना मी स्वतःला त्यातून काढून टाकलं होतं. जळगावजवळच्या आमच्या असोद्यात माझ्या वयाचा माणूस चारचौघांत बायकोविषयी बोलत नाही. कुणी विचारलंच, तर ‘घरी बरं आहे’ एवढं सांगतो आणि पावसाकडे वळतो. नवरा-बायको दोघं छापून येणार म्हणजे फारच झालं. तिला एकटीला ठेवलं की निदान कुणाची तरी गोष्ट वाटेल, असा माझा हिशेब होता. आता त्या हिशेबानं ती खरोखरच गोष्ट झाली होती, आणि गोष्ट गुरुजींना नको होती.

उत्तर न देण्याचं दुसरं कारण विभागांचं. जळगावच्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. सगळी हयात लोकांची पुस्तकं कपाटात लावण्यात गेली. हे चरित्र, हे प्रवास, हे ललित. पुस्तक हातात घेऊन दोन पानं चाळली की कपाट कळायचं. स्वतःचा लेख मात्र कुठल्याच कपाटात जाईना.

शेवटी मी पितांबर नानांना विचारलं. नाना कापसाच्या एका जिनिंगमध्ये मुनीम होते. निवृत्तीनंतर माझ्यासारखेच तेही रोज संध्याकाळी वाचनालयात पेपर वाचायला येतात आणि पेपरपेक्षा जास्त मला वाचतात. लेख कुणावर आहे ते त्यांनी पहिल्या पानातच ओळखलं.

“व्यक्तिचित्र म्हणा,” नाना म्हणाले.

“व्यक्तिचित्राला माणूस थोडा लांबून बघावा लागतो. चाळीस वर्षं एका घरात राहून लांबून कसं बघणार?”

“मग प्रवासवर्णन. एरंडोलला चहा घेतला होता का?”

“घेतला होता.”

“झालं तर. चहा आला की प्रवासवर्णन.”

“जळगाव ते धुळे म्हणजे काय प्रवास आहे, नाना? लोक हिमालयावर लिहितात.”

“हिमालयात मोळी घेऊन कोण गेलंय? बरं, आठवण म्हणा. पण नको. आठवणी गेलेल्या माणसाच्या असतात, आणि वहिनी तर आता भाकरी टाकत असतील. आत्मकथन म्हणावं तर तुम्हीच त्यात नाही. राहिला ललित निबंध.” नानांनी चष्मा पुसला. “त्याला चांदणं लागतं. आहे का कुठं?”

“भर दुपारची बस होती.”

“मग भाऊ, तुमचा लेख पऱ्हाट्यांच्या मोळीसारखाच आहे. कुठंच ठेवता येत नाही.”

मी घरी आलो आणि पत्र पुढच्या पुस्तकात सरकवलं.

चतुर्दशीच्या आधी दोन दिवस धुळ्याहून कौतिक आला. कौतिक म्हणजे यशोदाबाईंचा धाकटा भाऊ. तो आला की घर आपोआप धुळ्याचं होतं. चहा उकळत होता, आणि कौतिक पाय पसरून बसत म्हणाला, “दाजी, देवचंद गुरुजींनी निरोप दिलाय. होय की नाही एवढं कळवा म्हणे. त्यांनी मला लेख वाचूनही दाखवला.” मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यानं विचारलं, “अक्का, तू त्या वेळेस मोळी घेऊन एकटी आली होतीस का गं?”

मी बसल्या जागी आकसलो. चहाचं पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“कोणती मोळी?” यशोदाबाई दारात आल्या.

“दाजींनी लिहिलंय. दिवाळी अंकात येणार आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हात पुढे केला. त्या हाताला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. कच्ची प्रत कपाटातून काढून दिली. चष्मा लावून त्या उंबऱ्यावरच वाचायला बसल्या, आणि मी चहा ओतून आणून कौतिकला पावसाबद्दल विचारू लागलो.

त्या वाचत होत्या ती हकीकत अशी. आमच्या लग्नानंतरचा पहिला हिवाळा होता. यशोदाबाईंना माहेरी घेऊन जायचं होतं, आणि असोद्याची माणसं रिकाम्या हातानं जात नाहीत. भरताची मोठी हिरवी वांगी टोपलीत भरली. एवढ्यावर भागलं असतं, पण माझी आई म्हणाली, “वांगी आपली आणि जाळ त्यांचा, असं कधी ऐकलंय का?” कापूस वेचून झाल्यावर उपटलेली वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाट्या. आमच्याकडे भरताची वांगी त्यांच्याच जाळावर भाजतात. आईनं पुरुषभर उंचीची मोळी बांधून बैलगाडीत टाकली. जळगावला बसच्या टपावर चढायची शिडी मोडलेली निघाली, तेव्हा मोळी आत, दोन बाकांच्या मध्ये उभी करावी लागली.

पाळधी गेल्यावर कंडक्टर तिकिटं देत मागं आला. मोळी बघून म्हणाला, “बाई, धुळ्यात जळण मिळत नाही का?” त्यावर यशोदाबाई जे बोलल्या ते एरंडोल येईपर्यंत संपलं नाही. लेखात ते सगळं होतं. शेवटी कंडक्टर हसला आणि मोळीला बसू दिलं, असा लेखाचा शेवट होता.

वाचून झालं. त्यांनी कागदांची नीट घडी केली. त्या चिडल्या की माहेरच्या बोलीत बोलतात, हे मला ठाऊक आहे.

“तुमी कोठे शेतस यामा?” त्या म्हणाल्या.

“मी नाही त्यात,” मी म्हणालो.

“का?”

“आपण आपल्याबद्दल काय लिहायचं? बरं दिसत नाही.”

“आणि माझ्याबद्दल बरं दिसतं? धुळ्यात बठ्ठा गाव वाचेल. म्हणतील, नवी नवरी, मोळीसकट एकटी बसमध्ये कोंबून दिली. नवरा कुठं गेला होता? कौतिक, तूच सांग, लोक काय म्हणतील?”

“मला तर गुरुजींनी विचारलंच,” कौतिक म्हणाला. त्याला मजा येत होती. “मी म्हटलं, दाजी असतीलही. त्यांचा आवाज येत नाही, म्हणून कुणाला कळत नाही.”

“आवाज आला होता,” यशोदाबाई म्हणाल्या.

मी चहाच्या कपात बघितलं. तो रिकामा होता, तरी बघत राहिलो.

“सांगा त्याला,” त्या म्हणाल्या. मी सांगितलं नाही, तेव्हा त्यांनीच सांगायला घेतलं. “कंडक्टर मला म्हणाला, बाई, एवढं बोलताय, बरोबर कुणी बाप्या माणूस आहे की नाही? बस थांबल्यासारखी शांत झाली. आणि मोळीच्या मागून आवाज आला, ‘मी आहे.’ सगळी माणसं वळून बघायला लागली. माणूस दिसेना, मोळीच बोलल्यासारखं वाटलं. हे बिचारे जळगावपासून मोळीला मिठी मारून उभे होते, तोंडात काड्या जात होत्या. अख्खी बस हसली. कंडक्टर इतका हसला की त्याची शिट्टी पडली. म्हणून त्यानं मोळी राहू दिली. माझ्या बोलण्यानं नाही.”

कौतिक हसून हसून वाकला. “आणि आमच्या अंगणात,” तो म्हणाला, “त्या दिवशी पऱ्हाट्यांची गंजी लावलेली होती. घराएवढी. आमच्या आबांना कळेना, पाहुण्यांची मोळी कुठं ठेवावी.”

“तेही नाही लिहिलं,” यशोदाबाई म्हणाल्या.

“तुमच्या माहेरी कापूस पिकतो हे आम्हांला सुचलं नाही, हे कसं लिहू?” मी म्हणालो.

“आईंना सुचलं होतं. तरी त्यांना मोळी द्यायचीच होती.” मग त्यांचा आवाज खाली आला. “चाळीस वर्षांत चार माणसांत तुम्ही माझ्या बाजूनं एकच वाक्य बोललात. मी तेवढ्यावर धकवलं. मुलींना सांगितलं, सुनेला सांगितलं. आणि तुम्ही लिहायला बसलात तर नेमकं तेच खोडलंत.”

“खोडलं नाही. लिहिलंच नव्हतं.”

“मग अजून वाईट.”

कौतिक उठून चपला शोधू लागला. त्याला अचानक पानाच्या टपरीवर काम निघालं.

तो गेल्यावर मी माझी अडचण सांगितली. मला पक्कं आठवत नव्हतं. त्यांना ‘मी आहे’ असं ऐकू आलं होतं. मला वाटत होतं, मी ‘इथं आहे’ म्हणालो. तोंडात काड्या होत्या, त्यामुळे खात्री देता येत नव्हती. गुरुजींना घडलेलं तेच हवं. नक्की कुठला शब्द उच्चारला ते माहीत नसताना तो अवतरणचिन्हांत कसा घालायचा?

यशोदाबाईंनी कपाळाला हात लावला नाही, पण लावल्यासारखं केलं. “माझं बोलणं दोन पानं लिहिलंत. ते सगळं आठवलं?”

“ते नीट ऐकलं होतं.”

“मग तुमचं मी नीट ऐकलंय. माझ्याकडून घ्या.”

वाचनालयात इतकी वर्षं काढली, पण आत्मकथनात स्वतःचं वाक्य बायकोकडून घ्यावं असं कुठं वाचलेलं नव्हतं. कुठं असेलही. माझं वाचन काही फार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेख पुन्हा लिहायला घेतला. पहिलं ‘मी’ लिहायला फार वेळ लागला. लिहिलं, खोडलं, ‘प्रस्तुत लेखक’ लिहिलं. यशोदाबाई ताक घेऊन आल्या होत्या, त्यांनी खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, “हे कोण आले आणखी बसमध्ये?” मग पुन्हा ‘मी’ केलं. मोळी हातात धरल्यावर ‘मी’ जरा सोपं झालं. शिडी मोडलेली होती, ते लिहिलं. काड्या टोचत होत्या, ते लिहिलं. कंडक्टरनं विचारलं, आणि तिथं मी लिहिलं की माझ्या पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे मी ‘मी आहे’ असं म्हणालो, मला ‘इथं आहे’ असं आठवतं, पण तिचे कान माझ्या जिभेपेक्षा विश्वासाचे आहेत. पऱ्हाट्यांची गंजी लिहिली. शिट्टी पडली तीही. कंडक्टरला हसू आलं ते यशोदाबाईंमुळे की माझ्यामुळे, हे मात्र मी मोकळं सोडलं. त्यावर घरात एकमत नाही.

लेख मोठा झाला आणि, मला वाटतं, थोडा बिघडलाही. आधीचा जास्त सफाईदार होता. संध्याकाळी नानांना दाखवला. ते शेवटपर्यंत वाचत गेले. मध्ये त्यांनी एकदा पेपर तोंडासमोर धरला, आणि पेपर हलत होता.

“कुठला विभाग?” त्यांनी विचारलं.

“अजून कळत नाही.”

“राहू द्या. गुरुजींनी विभाग केलेत ना, मग त्रास त्यांनाच होऊ द्या. पण वहिनींचं नाव घातलंय?”

“घातलंय.”

“त्यांना विचारलं?”

“त्यांनीच सांगितलं. नुसतं ‘पत्नी’ लिहू नका, म्हणाल्या. धुळ्यात पत्नी पुष्कळ आहेत.”

चतुर्दशीला सकाळी कौतिक परत निघाला. लेखाबरोबर उत्तरही त्याच्या हाती दिलं असतं तरी चाललं असतं, आणि तो मागतही होता. “दाजी, द्या इकडे, उद्या गुरुजींच्या हातात देतो.” पण पत्र मला टपालानं आलं होतं, तेव्हा उत्तरही टपालानंच जायला हवं असं मला वाटलं. लेख मी त्याला दिला. उत्तर स्वतःकडे ठेवलं.

त्याला बसमध्ये बसवून मी स्टँडबाहेरच्या लाल पेटीपाशी आलो. रस्त्यानं गणपतीचे ढोल चालले होते. यशोदाबाई बरोबर होत्या.

पोस्टकार्ड मी पुन्हा एकदा वाचलं. ‘स. न. वि. वि. उशिराबद्दल क्षमा असावी. सुधारलेला लेख कौतिकबरोबर पाठवला आहे. विभाग आपण ठरवावा. आपण विचारलं होतं, तुम्ही तिथं होतात का. होतो. मोळीच्या मागे. आपला, जीवराम.’

“बघू,” यशोदाबाई म्हणाल्या. त्यांनी कार्ड घेतलं, वाचलं, आणि परत माझ्या हातात न देता पेटीच्या तोंडात धरलं. “टाकू?”

“टाका.”

त्यांनी टाकलं. तरी मी पेटीच्या तोंडात बोटं घालून पाहिलं, कुठं अडकलं तर नाही ना. अडकलं नव्हतं.