हलकेअप्पांचा काटा

बिदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळी गावी हमरस्त्यालगत, पंक्चरच्या दुकानामागं पत्र्याचा मांडव होता. दर सोमवारी तिथं दोन-तीनशे बायकांची रांग लागायची. बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या. आत हलकेअप्पा नावाचे बाबा बसत आणि बायकांचं वजन वितळवत.

चमत्कार डोळ्यांदेखत व्हायचा. झेंडूच्या माळांनी मढवलेल्या तबकडीच्या काट्यावर बाई चढली की शिष्य ओरडे, "बहात्तर!" मग अप्पांच्या गादीला एक प्रदक्षिणा, घोटभर अंगाऱ्याचं पाणी, आणि पुन्हा काटा. "अडुसष्ट!" पाच मिनिटांत चार किलो! बाईचं पोट, लुगडं, सगळं जागच्या जागी. उतरायचा तो फक्त आकडा.

"अक्का, पाळी थांबली की नासकं रक्त अंगात गोठतं," अप्पा समजावत. "त्याचीच चरबी होती, त्याचीच गाठ होती. नऊ सोमवार या. मधी दवाखान्याची पायरी चढलात, तर मंत्र उतरला म्हणून समजा."

माझ्या वहिनी शारदाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. पाळी थांबल्यापासून सात वर्षांत चौदा किलो वाढलेल्या. त्यांचे पाच सोमवार झाले होते. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून समजवायला गेले.

"जयंती, तुझं पुस्तक तुझ्यापाशी ठेव," त्या म्हणाल्या. "काटा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

सहाव्या सोमवारी मीही सोबत गेले. रांगेत आमच्या पुढं बिदरकडच्याच मेहकर गावच्या राजूबाई होत्या. तीस वर्षं गावोगावची तूर मोजून घेणारी बाई. त्या बराच वेळ शिष्याच्या हाताकडं बघत राहिल्या. मग माझ्या कानाशी लागल्या, "बाई, ह्यो गडी काटा मारायलाय, वजनात फसवायलाय."

त्या रस्त्यावरच्या आपल्या टेम्पोकडं गेल्या आणि दहा किलोचं सरकारी शिक्क्याचं लोखंडी माप घेऊन आल्या. नंबर लागताच ते काट्यावर ठेवलं.

"हे काय?" शिष्य गडबडला.

"आधी ह्याला हलकं करा. लई थकलंय."

काटा चौदावर गेला.

"आगं बया! ह्याचीबी पाळी थांबली का काय? चार किलो चढलं की!"

रांगेत खसखस पिकली. शिष्य सवयीनं माळा सारख्या करायला वाकला. राजूबाईंनी माप उचलून गादीभोवती फिरवलं, त्यावर अंगाऱ्याचं पाणी शिंपडलं आणि पुन्हा काट्यावर ठेवलं. बरोबर दहा!

"श्रद्धा न्हाई तिथं थट्टाच व्हायची," अप्पा गरजले.

"लोखंडाला कसली श्रद्धा, अप्पा? तरी उतरलं की!"

मी माप खाली घेतलं आणि माळा ओढून काढल्या. तबकडीवरचा शून्य त्यांच्याआड झाकलेला होता. मागं एक स्क्रू होता. तो पिळला, तर मोकळ्या काट्याची सुई चारावर गेली. उलटा पिळला, तर शून्यावर आली. बाई चढण्याआधी चारावर, प्रदक्षिणेच्या वेळी शून्यावर. मंत्र तेवढाच होता.

बायका हसल्या, काही शिव्या देत उठल्या. वहिनी मात्र बाकावर बसून राहिल्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"जयंती, डाव्या छातीत गाठ लागतीय. दोन महिने झाले. नऊ सोमवार होऊ द्यावेत म्हणत होते."

माझं हसू जागीच विरलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बिदरला डॉक्टर सुधारानींकडं गेलो. तपासण्या झाल्या. कर्करोगच होता, पण काखेपर्यंत पसरला नव्हता. शस्त्रक्रिया ठरली.

"मी जाड झाले म्हणून झालं का हो?" वहिनींनी विचारलं.

"तुम्हाला कशानं झालं, ते नेमकं कुणीच सांगू शकणार नाही. सडपातळ बायकांनाही होतो," डॉक्टर म्हणाल्या. "पण पाळी थांबल्यावर चरबीतच स्त्रीसंप्रेरक, म्हणजे बायकांचं हार्मोन, तयार होत राहतं आणि ते अशा गाठीला पोसू शकतं. म्हणून वजन चढत गेलं की धोका वाढतो. रोज चाललं, वजन आटोक्यात ठेवलं, की कमी होतो. अगदी संपत मात्र नाही."

आज वहिनी बऱ्या आहेत. रोज पाऊण तास चालतात. वर्षभरात तीन किलो उतरले, तेही कुरकुरत. हलकेअप्पा आता दुसऱ्या तालुक्यात गुडघे बरे करतात असं ऐकते.

बायांनो, वर्षानुवर्षं चढलेलं वजन पाच मिनिटांत उतरत नसतं. चाला, अंग हलवा. दवाखान्यात जाऊ नका म्हणणाऱ्याला एकदा तरी विचारा, "कामून?" आणि छातीत गाठ हाताला लागली, तर त्याच्या उत्तरासाठीही थांबू नका. सरळ बिदरची बस धरा.