दुधी काचेवरचा ठिपका

राळेगावच्या, कापसातली सरकी काढायच्या जिनाच्या आवारात मुंगीला वाट नव्हती. एकसष्ट सालचा पौष. कापसाच्या गाड्या तशाच सोडून माणसं देवीलाल महाराजाच्या पेटीभोवती जमलेली. पेटी कसली, तिपाईवरचा जुनाट कॅमेरा. महाराजानं तिला नाव ठेवलं होतं दिव्यदृष्टी. मागच्या काळ्या फडक्यात डोकं घातलं की दुधी काचेवर समोरचा माणूस डोकं खाली, पाय वर असा दिसायचा. उलटा दिसला म्हणजे भुतानं धरलेलाच, हे लोक आपणच ठरवून मोकळे! वर त्याच्या अंगावर करणीचा काळा ठिपका.

समोर स्टुलावर मथुरा बसली होती. तिचं तीन महिन्यांचं लेकरू तापानं गेलं, आणि महाराज म्हणाला, करणी आईच्याच छातीत आहे. परवा तिला तापल्या सळईनं डागलं. हात कोणी धरले? तिच्या नवऱ्यानं, श्रावणनं. मग महाराजानं फडक्यात शिरून मंत्र पुटपुटला आणि त्याला काच दाखवली. ठिपका गेलेला. आज पाहावं तर पुन्हा हजर.

"करणी मोठी चिवट हाय," महाराज म्हणाला. "सळई तापवा."

श्रावणला पुन्हा तिचे हात धरवेनात. पण डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं?

तेवढ्यात शाळेच्या सत्यशीलाबाई पुढे आल्या. त्यांचा भाऊ यवतमाळात फोटो काढायचा. "श्रावणभाऊ, फडक्यात डोकं घाला. मथुरा, तू ऊठ अन् बाजूले हो."

"करणी पिसाळंल, बाई," महाराज आडवा आला.

"पिसाळू द्या."

श्रावणनं पाहिलं. मथुरा उठून गेली. ठिपका मात्र रिकाम्या स्टुलावर तसाच होता.

"बाई, हे तं... ती तिथं नाही, तरी दिसून राह्यलं."

"आता पाहा." बाईंनी फडक्यात हात घालून पदराचं टोक काचेवरून फिरवलं. ठिपका नाहीसा झाला. पदराला तेलकट धुळीची चिमूटभर गुठळी लागली होती. "हे तुमचं भूत. पाहिजे तवा चिकटवाचं, पाहिजे तवा पुसाचं. फडक्यात मंत्र नाही, पुसणं चालू होतं. लोकहो, डोकं फडक्यात घालाले नाही, चालवाले असते. कोणी चमत्कार दाखवला, तं पहिले काच पुसून पाहा."

लोकांनी महाराजाला धरलं. श्रावण मथुरेजवळ गेला, हात पुढे केला. तिनं आपले हात पदराखाली घेतले.

"मले एकडाव उठवून पाहावं," ती हळूच म्हणाली, "एवढंच काहून नाही सुचलं तुमाले?"