न चाखलेली मतं

वाडग्यावर ताणून बसवलेल्या प्लास्टिकच्या आतल्या बाजूला वाफेचा एक थेंब धरला होता, आणि तो पडेल की तिथंच राहील एवढंच कृपा मघापासून बघत होती... कारण नजर वर उचलली की पडदा दिसायचा. पडद्यावर मतांच्या, तीन रंगांच्या तीन पट्ट्या. तिची सगळ्यांत बुटकी.

पट्ट्यांखालून प्रेक्षकांचे निरोप सरकत होते. 'हे काय, गांडुळं?' 'शेंगोळे काय स्पर्धेत आणतात का!' आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारे पिवळे चेहरे. मिक्सर कंपनीची पाककला स्पर्धा, सावेडीतलं मंगल कार्यालय, खुर्च्यांवर माणसं आणि माणसांच्या हातात मोबाईल — मत द्या, लिहा, लगेच पडद्यावर बघा! शेजारच्या टेबलावर राहुरीच्या ज्ञानेश्वरीचं पनीरचं कमळ होतं, गुलाबी, देखणं. हुलग्याचं पीठ वळून रश्शात शिजवल्यावर त्याला कुठला आलाय रंग? मातकट ते मातकटच. पण जीभ दिलीय ना देवानं... की तीही आता मोबाईललाच लावायची?

आई म्हणायची, "आधी घास घे, मंग तोंड उघड." पारनेरच्या घरात रविवारी चर्चहून आल्यावर ती शेंगोळे वळायला बसायची, आणि नावं ठेवायची मुभा फक्त खाल्लेल्याला असायची. कृपासाठी स्थळं पाहताना मात्र आईचा हा कायदा चालला नाही. फोटो जायचा, नकार यायचा — मुलगी सावळी आहे. चार शब्द बोलून तरी बघा ना माझ्याशी... स्टीफन तेवढा घरी आला, बसला, बोलला, दोनदा वाढून घेऊन जेवला.

तोच स्टीफन आता उठून स्टेजपाशी आला होता. "कृपा, सगळ्या ग्रुपवर टाकलंय. चर्चच्या, माझ्या ऑफिसच्या, संगमनेरच्या मावशींच्या. आता बघच तू."

तिनं पाहिलं. पट्टी उठत होती. 'कृपाताईच जिंकणार!' 'एक नंबर चव!' कुणी पुण्याहून, कुणी नाशिकहून. आणि — खोटं कशाला बोलायचं — तिला बरं वाटलं, चांगलंच बरं वाटलं. गांडुळं म्हणणाऱ्यांची जिरली होती. तिनं पदर सारखा केला आणि ती ताठ उभी राहिली.

मग 'एक नंबर चव' पुन्हा सरकत गेलं. कसली चव? नाशिकला बसून? स्टीफनची माया खरी होती, रागवावं असं त्याच्या वागण्यात काहीच नव्हतं, आणि म्हणूनच तिला फार राग आला. हसणाऱ्यांनी खाल्लं नव्हतं, वाखाणणाऱ्यांनीही खाल्लं नव्हतं. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणतात, आणि इथं गरम वाडगा समोर असताना सगळं कार्यालय आरशात बघत बसलं होतं. सुरुवातीलाच तिनं निवेदिकेला, मोनिकाला, विचारलं होतं, चाखणार कोण? "ताई, चाखायला वेळ कुठं असतो? लाइव्ह आहे ना!" प्लास्टिक काढायचं नाही, कॅमेऱ्यात चमक छान येते. यावर मान कुणी डोलावली होती? मीच.

थेंब पडला.

तिनं कडेला नख घातलं आणि प्लास्टिक टराटरा फाडलं. लसणाचा वास भसकन वर आला. वाडगा उचलून ती पायऱ्या उतरू लागली.

"ताई, अहो ताई, स्टेज सोडू नका, मतदान चालू आहे!" मोनिका माईकवरून ओरडली.

"चालू द्या की. मी वाढायला निघालेय."

"कृपा, थांब," स्टीफन कळवळून म्हणाला, "जिंकतीयेस तू..."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, पण पाय थांबले नाहीत.

पुढच्या रांगेत एक म्हातारी सुनेच्या मोबाईलमध्ये डोकावत होती. तिचे स्वतःचे हात रिकामे होते. कृपानं त्यातल्या एका तळहातावर शेंगोळा ठेवला. म्हातारीनं फुंकर घातली, चावला, डोळे मिटून बराच वेळ घोळवला.

"वळलेत झ्याक," म्हातारी म्हणाली. "पन मीठ कमी पडलंय गं बाई. लईच कमी."

कृपानं एक स्वतःच्या तोंडात टाकला. सकाळपासूनच्या धावपळीत, फोटो आणि रंगीत तालमीच्या नादात, तिनंही चाखले नव्हते. खरंच कमी होतं. आई असती तर तिनं हेच सांगितलं असतं, वर चार शब्द सुनावले असते... कृपाला एकदम हसू आलं आणि डोळेही भरले. कमी आहे मीठ, कबूल! पण हे म्हणायला खावं लागतं, बाबांनो.

मागं पट्टी चढत होती की उतरत होती, कुणास ठाऊक. स्कूटरवर घरी जाताना स्टीफन काय बोलेल, तेही ठाऊक नव्हतं. ती पुढच्या खुर्चीकडे वळली.

"मोबाईल खाली ठेवा," ती म्हणाली, "आणि हात पुढं करा."

समोरचा माणूस नुसताच बघत राहिला. राहू दे. तिला आता घाई नव्हती.